बारच्या काउंटरवर बुद्धाचं डोकं

पत्र : काका नमस्कार. मी २९ वर्षांचा, पेडणे तालुक्यातला, समुद्राजवळ आमचा छोटा बार अँड रेस्टॉरंट आहे. चार-पाच महिने झाले बुद्धिझमबद्दल वाचतोय, यूट्यूबवर बघतोय, पण जेवढं बघतो तेवढा गोंधळ वाढतो. चार सत्यं, आठ मार्ग, पाच स्कंध, बारा निदानं, पाठ करायला बसलो तर दहावीचा इतिहास आठवतो. सगळं दुःख आहे, इच्छा सोडा म्हणतात, मग धंदा वाढवायची इच्छा पण सोडू का? पाचवं शील दारूचं, आणि आमचं घर दारूवर चालतं. हणजुण्याच्या बाजारातून बुद्धाचं एक दगडी डोकं आणून काउंटरवर ठेवलंय, ते बघून आई म्हणते धर्म बदलतोस की काय. पप्पा दर अमावस्येला राखणदाराला, म्हणजे गावची राखण करणाऱ्या देवाला, रोट (जाड भाकर) आणि सोरो (दारू) ठेवायचे, ते चालू ठेवू की बंद करू? ध्यानाला बसलो की दहा मिनिटांत पायाला मुंग्या येतात. नवशिक्याने सुरुवात नेमकी कुठून करायची? (पप्पा दिवाळीनंतर गेले. रात्री छातीत दुखतं म्हणत होते, मी म्हटलं गॅस असेल, सकाळी बघू.)

उत्तर :

बाबा, तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळेला त्या शेवटच्या कंसात अडकलो. एवढे सगळे प्रश्न विचारलेस, आकडे मोजलेस, आणि खरी गोष्ट कंसात घातलीस. सुरुवात कुठून करायची विचारतोस ना, तर त्या कंसातूनच कर, बाकीचं आपोआप मागून येईल.

पाली ग्रंथांत दोन बाणांचा एक दाखला आहे. बुद्ध भिक्खूंना सांगतात की एखाद्या माणसाला बाण लागला, आणि तो लागल्या लागल्या लगेच दुसरा लागला, तर त्याला दोन बाणांचं दुखणार. पहिला बाण म्हणजे जे खरंच घडलं ते, आजार, मरण, नुकसान. दुसरा म्हणजे त्याच्यावर आपण जे रचत बसतो ते, मी असं का केलं, माझ्याच नशिबी का, तेव्हा उठून गाडी काढली असती तर. आता नीट बघ हां, त्यात असं कुठे म्हटलेलं नाही की शहाण्या माणसाला पहिला बाण लागत नाही. लागतो. दुखतो पण. पप्पा गेले, हा पहिला बाण, तो दुखणारच, आणि जो कोणी तुला सांगेल की ध्यान केलं की हे दुखायचं थांबेल त्याचा व्हिडिओ बंद कर. पण 'मी गॅस म्हटलं' हा जो बाण तू रोज रात्री शटर ओढल्यावर स्वतःच्या हाताने मारून घेतोस, बहुतेक बाटल्या मोजता मोजता, तो दुसरा आहे. छातीत दुखलं की निम्म्या गोव्यात पहिल्यांदा गॅसच म्हणतात रे, मी पण माझ्या बायकोला तेच म्हटलं होतं, माझं नशीब की तो खरंच गॅस निघाला. तेव्हा तुला जेवढं कळलं तेवढ्यावर तू बोललास, वाईट व्हावं म्हणून नाही बोललास. बुद्धांच्या शिकवणीत कर्म म्हणजे मुळात चेतना, म्हणजे मनातला हेतू. तुझा हेतू काय होता ते तुला माहीत आहे.

एवढं पटलं असेल तर तुझी चार सत्यं झालीच, आता पाठ करायची गरज नाही. दुखतंय हे कबूल करणं हे पहिलं, त्याच्यामागे काहीतरी कारण आहे हे दुसरं, कारण गेलं की दुखणंही जाऊ शकतं हे तिसरं, आणि त्याला एक रस्ता आहे हे चौथं. जुन्या लोकांनी याला वैद्याची उपमा दिलीय, रोग, रोगाचं कारण, बरं होणं आणि औषध. वैद्य 'तुला ताप आहे' म्हणाला म्हणजे तो 'सगळं जगच ताप आहे' असं म्हणत नसतो. 'सगळं दुःख आहे' हे रीलवाल्यांचं शॉर्टकट भाषांतर. मूळ शब्द दुक्ख, आणि त्यात रडण्यापासून ते नुसत्या खटकण्यापर्यंत सगळं येतं. डिसेंबरात टेबलं फुल असतात, गल्ला भरलेला असतो आणि तरी तुझ्या पोटात गोळा असतो की हे मे महिन्यानंतर काय, ते सुद्धा दुक्खच. सुख नाही असं नाही म्हटलेलं, सुख टिकत नाही आणि आपण ते टिकावं म्हणून धरून बसतो एवढंच म्हटलंय. सीझनवर पोट असलेल्या माणसाला अनित्य कशाला शिकवायला हवं, तू दर जूनला शॅकवाल्यांच्या झावळ्या उतरताना बघतोस.

आता इच्छेचं. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. मूळ शब्द 'तण्हा', संस्कृतात तृष्णा, आणि आपल्या मराठीत तोच शब्द घासून घासून 'तहान' झालाय. म्हणजे आपल्याला इच्छा वगैरे भाषांतराची गरजच नव्हती, शब्द आपल्या घरातच होता. तहान, ती सुद्धा खारं पाणी पिऊन भागवायला बघतो तशी, जितकं प्यावं तितकी वाढणारी. आणि चांगलं काही करायच्या इच्छेला पालीत वेगळाच शब्द आहे, 'छंद', तोही आपल्याकडे आहे बघ. किचन नीट करायचं, आईला गुडघ्यासाठी चांगल्या डॉक्टरला दाखवायचं, कर्ज फेडायचं, हे छंदात बसू शकतं. शेजारच्याने रूफटॉप काढला म्हणून मला पण रूफटॉप, नाहीतर मी कोण, ही तहान. फरक कुठे कळतो तर इच्छा पुरी झाली नाही तेव्हा. तेव्हा नुसतं वाईट वाटतं की अंगाची आग होते, ते बघ. तर धंदा वाढवायची इच्छा सोडू का याचं उत्तर असं की आधी ती कुठली आहे ते तपास, मग बोलू.

शब्दांवरून आठवलं, मराठी माणसाला बुद्धधम्म वाचताना एक गंमतशीर अडचण येते ती म्हणजे शब्द ओळखीचे वाटतात आणि अर्थ भलताच असतो. 'वेदना' म्हणजे आपल्याकडे दुखणं, तिथे कुठलीही जाणीव, सुखाची, दुःखाची किंवा दोन्ही नसलेली. 'संस्कार' म्हणजे मुंज-बारसं नाही, मनाला पडलेली वळणं. 'शील' म्हटलं की आपल्या डोक्यात बायकांचं चारित्र्य येतं, तिथे ती बाई-पुरुष सगळ्यांची वागण्याची शिस्त. 'सति' म्हणजे स्मृती, भान, ज्याला हल्ली माइंडफुलनेस म्हणून हॉटेलवाले पॅकेजमध्ये विकतात. आणि निर्वाण. सहा डिसेंबरच्या महापरिनिर्वाण दिनामुळे आपल्या लोकांना वाटतं निर्वाण म्हणजे मरण. तसं नाही. निर्वाण म्हणजे विझणं, काय विझणं तर लोभ, द्वेष आणि मोह. परंपरेने सांगतात की गौतमाला बोधी मिळाली ३५ व्या वर्षी आणि ते गेले ८० व्या वर्षी कुसिनारेला, म्हणजे मधली ४५ वर्षं हा माणूस विझलेल्या आगीनिशी मजेत गावोगाव पायी फिरत होता, लोकांशी बोलत होता, भिक्षा मागून जेवत होता. मेलेला माणूस एवढं चालत नाही.

आणि हो, घर सोडलं तेव्हा ते २९ वर्षांचे होते असं सांगतात. तू पण २९ चा. म्हणून आधीच दम देऊन ठेवतो, योगायोगाला भुलून काही करू नको, आई घरात एकटी आहे.

आठ मार्गांचं पण थोडक्यात. ते आठ रस्ते नाहीत, एकाच रस्त्याचे आठ भाग आहेत, आणि ते तीन पोत्यांत भरले की लक्षात राहतात. बोलणं, वागणं आणि पोट भरायचं साधन हे तीन शीलाचे. प्रयत्न, भान आणि एकाग्रता हे मनाच्या कसरतीचे. दृष्टी आणि संकल्प हे समजुतीचे. लोक काय करतात, यातलं एकच ध्यानाचं पोतं उचलतात आणि बाकीची दोन समुद्रावर टाकून देतात. आपल्याकडे हरमल-मांद्र्याला एवढी रिट्रीट सेंटरं आहेत, सकाळी श्वास बघायचा आणि संध्याकाळी बाईक-टॅक्सीवाल्या पायलटशी पन्नास रुपयांवरून भांडायचं असं करणारे मी डोळ्यांनी बघितलेत. मी पण फार वेगळा नव्हतो म्हणा. इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना कोर्सला गेलो होतो, पहाटे चारची घंटा, कोणाशी बोलायचं नाही, मोबाइल नाही, फी नाही, शेवटी द्यायचं तर दान द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी मला नक्की कळलं की मला शांती वगैरे नकोय, मला चहा आणि पेपर पाहिजे. तरी राहिलो. पण नवशिक्याने डायरेक्ट तिथे उडी मारावी असं मला वाटत नाही, आणि तुझ्यासारख्या नुकतंच माणूस गेलेल्याने तर नाहीच, घाईने नाही. आधी शील. ते दिसायला बोरिंग आहे पण सगळं त्याच्यावरच उभं राहतं.

पंचशील तुला माहीत असेल. जीव घेणार नाही, न दिलेलं घेणार नाही, कामवासनेत चुकीचं वागणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही. पाली ओळ ऐकलीस तर प्रत्येकीच्या शेवटी 'सिक्खापदं समादियामि' येतं, म्हणजे मी हा शिकायचा पाठ घेतोय. कोणी वरून दिलेली आज्ञा नाही, मोडली तर नरकात टाकणारा कोणी बसलेला नाही. पाठ आहे, चुकला की परत घ्यायचा. नुस्तं, म्हणजे मासे, सोडायचं का हे तू विचारलं नाहीस पण गोंयकार आहेस म्हणजे मनात असणार. बुद्धांनी भिक्खूंना मांस-मासे पूर्ण बंद केले नव्हते, आपल्यासाठी मारलेलं बघितलं नसेल, ऐकलं नसेल, संशय नसेल तर चालेल अशी मुभा होती. तेवढ्यावर सध्या माशाचं हुमण जेव, पुढचं पुढे.

दारू मात्र तेवढी सोपी नाही आणि मी तुला गोड बोलून फसवणार नाही. उपासकाने, म्हणजे घरात राहून धम्म पाळणाऱ्याने, करू नयेत असे पाच धंदे ग्रंथांत सरळ सांगितलेत : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, दारूचा आणि विषाचा. चौथा तुझाच. त्यातून पळवाट काढून देणारे भेटतील, की फेणी म्हणजे आपली संस्कृती, हुर्राक, काजूच्या बोंडांची ती हलकी दारू, म्हणजे नुसता फळाचा रस, आणि मी स्वतः एप्रिलमध्ये हुर्राक लिंबू पिळून घेतो, तेव्हा मला साधू समजू नको. पण विचारलंस तर जे आहे ते असं आहे. आता यावर उद्या शटर पाडायचं का, तर नाही. तू पगार देतोस त्या पोरांचं काय, आईच्या औषधाचं काय, बँकेचं काय. रस्ता लांबचा आहे, तोंड कुठल्या दिशेला आहे ते महत्त्वाचं. पाच वर्षांत किचनचा गल्ला बारच्या गल्ल्यापेक्षा मोठा करायचा असं ठरवता येतं की नाही? तुमच्याकडच्या थाळीचं मी नाव ऐकलंय असं खोटं नाही म्हणत, पण तुझ्या आईच्या हाताला चव नसेल असं पण मला वाटत नाही. आणि तोपर्यंत आज रात्रीपासून करण्यासारखं बरंच आहे. ज्याच्या हातात बाईकची चावी आहे त्याला पुढचा पेग द्यायचा नाही, तो कितीही 'भाई भाई' करू दे. झिंगलेल्या टुरिस्टच्या बिलात दोन बिअर वाढवायच्या नाहीत, तिथे दुसरं आणि चौथं शील एकदमच जातं. आणि तू स्वतः धंद्यावर असताना घ्यायची नाही, एवढं तर जमेल?

एक गंमत सांगतो. सिगाल नावाच्या एका गृहस्थाला केलेल्या उपदेशात बुद्धांनी दारूच्या नादाचे सहा तोटे मोजलेत. पैसा जातो, भांडणं होतात, रोग होतात, बदनामी होते, लाज उघडी पडते, अक्कल कमी होते. वाचून मला हसू आलं कारण हे सहाच्या सहा तू एका शनिवारी रात्री अकराच्या आत बघत असशील. अडीच हजार वर्षांत गिऱ्हाईक काही बदललेलं नाही.

पण सिगालाची गोष्ट मला तुला वेगळ्याच कारणासाठी सांगायचीय. हा सिगाल रोज पहाटे उठून ओल्या केसांनी, ओल्या कपड्यांनी सहा दिशांना हात जोडायचा. पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, खाली, वर. बुद्ध भिक्षेला निघाले होते, त्यांनी थांबून विचारलं, हे काय करतोस? तो म्हणाला, वडील मरताना सांगून गेले, दिशांना नमस्कार कर, म्हणून करतो. त्याला अर्थ माहीत नव्हता. बापाचा शब्द म्हणून करत होता. आता बुद्धांना म्हणता आलं असतं की हे खूळ सोड. त्यांनी तसं म्हटलं नाही. म्हणाले, सहा दिशांना नमस्कार करायची ही रीत नव्हे, आणि मग खरी रीत समजावली : पूर्व म्हणजे आई-वडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे बायकोमुलं, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्याकडे राबणारी माणसं आणि वरची म्हणजे श्रमण-ब्राह्मण, साधुसंत. त्यांच्याशी नीट वागणं हाच नमस्कार.

राखणदाराचं तू विचारलंस ना, म्हणून हे. रोट ठेवायचा की नाही हे मी नाही ठरवणार. शुद्ध बुद्धविचाराने बघितलं तर त्याने काही होत नाही असंच म्हणावं लागेल. पण अमावस्येला पप्पांच्या जागी उभं राहून एक रोट ठेवताना आईला जे वाटतं ते पण खरंच आहे, आणि घरात एवढ्यातच माणूस गेलंय. माझं मत विचारशील तर सोरो वगळ, रोट ठेव, आणि त्याच रात्री सिगालाची खालची दिशा आठव. कामाची माणसं. त्यांच्या ताकदीप्रमाणे काम द्यावं, जेवण आणि पगार द्यावा, आजारी पडल्यावर बघावं, काही खास गोडधोड असलं तर वाटून खावं, वेळेवर सुट्टी द्यावी, हे मी नाही म्हणत, त्या उपदेशात असं मोजून सांगितलंय, लेबर कायदा म्हणून खपेल. तुमच्याकडे किचनमध्ये नेपाळी पोरगा असेलच, प्रत्येकाकडे असतो. त्याला एकदा विचार बुद्ध कुठे जन्मले, तो छाती फुगवून नेपाळ म्हणेल, आणि बरोबरच आहे, लुंबिनी आज नेपाळात आहे. मग त्याला शेवटची सुट्टी कधी मिळाली ते पण विचार.

आईचा प्रश्न. धर्म बदलतोस का. त्यांना सांग की सध्या फक्त समजून घेतोय, आणि ते खरंच आहे. शिकवण समजून घ्यायला कागद बदलावा लागत नाही. पण त्याच वेळी एक गोष्ट मनात ठेव. आपण मराठी बोलणारे लोक, आपल्यासाठी बुद्ध म्हणजे नुसतं शांत चेहऱ्याचं पोस्टर नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांबरोबर दीक्षा घेतली, २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यात जुने देव मानणार नाही हे स्पष्ट आहे, आणि ज्यांना देवळाच्या पायरीवर उभं करत नव्हते त्यांनी तो निर्णय घेतलाय. तुझ्या माझ्यासारख्याला ही आवड आहे, त्यांच्यासाठी हा माणूस म्हणून उभं राहण्याचा प्रश्न होता. तुझी आई 'धर्म बदलतोस का' म्हणताना जो आवाज काढते त्यात थोडी जात पण असेल, माझ्या आईच्या आवाजात होती, ती ओळखायला शिक. आणि वाचशील तेव्हा बाबासाहेबांचं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाच, मूळ इंग्रजीत १९५७ मध्ये त्यांच्या मागे आलेलं. म्हातारा, आजारी, प्रेत बघून सिद्धार्थाने घर सोडलं ही आपण शाळेत ऐकलेली गोष्ट त्यांना पटत नव्हती. २९ वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा बघितला नसेल हे कसं शक्य आहे, असा त्यांचा सरळ सवाल. त्यांनी त्याऐवजी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत पेटलेल्या भांडणाचं कारण मांडलं. नदीच्या पाण्याचं भांडण म्हटल्यावर म्हादईवाल्यांना लगेच कळतं. चार आर्यसत्यांवरही त्यांनी शंका घेतलीय, तेव्हा वर मी जे सांगितलं ते शेवटचं समजू नको.

दुसरं नाव घरचंच. धर्मानंद कोसंबी, आपल्या सांकवाळचे, जन्म १८७६ चा. पोर्तुगीज राजवटीतल्या एका खेड्यात नारळाच्या बागा सांभाळणारा पोरगा, बुद्धाच्या ओढीने १८९९ मध्ये घराबाहेर पडला, पुणे, काशी, नेपाळ करत श्रीलंकेला जाऊन पाली शिकला, पुढे हार्वर्डपर्यंत गेला आणि तरी मराठीत साध्या माणसाला कळेल असं लिहीत राहिला. त्यांचं 'भगवान बुद्ध' नवशिक्याला यूट्यूबच्या शंभर तासांपेक्षा बरं. आणि 'निवेदन' हे आत्मचरित्र पण वाच, पण वाचताना हे विसरू नको की बायको आणि तान्ही मुलगी गोव्यातच राहिली होती. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, आणि तरी त्या बाईचं काय झालं असेल हा विचार मला सुटत नाही.

बघायचंच असेल तर लांब जायला नको. साखळीजवळ हरवळ्याच्या गुंफा आहेत, लोक पांडवांच्या म्हणतात, आत लिंगं आहेत, पण त्या मूळच्या बौद्ध भिक्खूंच्या असाव्यात असं काही अभ्यासक मानतात. आणि तू म्हापशाला जाताना कोलवाळचा पूल ओलांडतोस ना, तिथल्याच मुशीर वाड्यावर १९३० मध्ये इतिहासकार फादर हेरास यांना बुद्धाची मूर्ती सापडली होती, ती आता मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजात आहे. म्हणजे हणजुण्याच्या बाजारात येण्याआधी बुद्ध आपल्याकडे येऊन गेलेत.

त्या डोक्याचं आता काय करायचं ते तूच बघ. माझं विचारशील तर नुसतं कापलेलं डोकं मला कधी आवडलं नाही, कोणाचंच, आणि श्रीलंका-थायलंडचा कोणी गिऱ्हाईक आला तर बाटल्यांच्या मधे ते बघून त्याला वाईट वाटेल. घरात नेऊन ठेव, आईने आधी कुरकुर केली तरी.

राहिल्या मुंग्या. सोण नावाचा एक भिक्खू चालत ध्यान करायचा, इतकं केलं की पाय फुटून रक्त आलं, आणि त्याला वाटायला लागलं आपल्याला हे जमणार नाही, घरी जावं. तो पूर्वी वीणा वाजवायचा. बुद्धांनी त्याला विचारलं, तारा फार ताणल्या तर वाजते का? नाही. फार सैल सोडल्या तर? नाही. तुमच्या गावच्या भजनात तंबोरा लावताना बघितलंच असशील. तर मांडी घालून बसायची सक्ती कोणी केलेली नाही. शटर ओढलं, हिशेब झाला की बारमधलीच प्लॅस्टिकची खुर्ची घे, पाय जमिनीला टेकव, पंखा बंद कर म्हणजे श्वास ऐकू येईल, आणि दहा मिनिटं नाकाशी येणारा-जाणारा वारा बघ. त्या दहा मिनिटांत पप्पा आठवणार आहेत, ती रात्र पण आठवणार आहे. आठवू दे. श्वासावर परत ये. रडू आलं तरी खुर्चीतच रड, आणि मग आईला आवाज दे, ती पण जागीच असते त्या वेळी.